धाकट्याचा खड्डा

३ सप्टेंबर

वकीलबाई म्हणाल्या, "कोणाशी काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून ठेवत जा. पुढे प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं." म्हणून ही डायरी.

आज धाकट्याचं मृत्युपत्र वाचलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. गेल्या महिन्यात गेला. त्याच्या फुटबॉल संघासाठी मैदानामागे सराव केंद्राचं बांधकाम चाललंय, तिथे दुपारी बाकावर बसला आणि उठलाच नाही. कामावरच्या माणसांना वाटलं, साहेबांचा डोळा लागलाय. उन्हात नको म्हणून कोणीतरी वर ताडपत्रीही धरली म्हणे.

संघातला त्याचा अर्धा वाटा आता माझा. बाकीचा अर्धा भागीदाराचा. भागीदार हा धाकट्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या स्वयंपाकघरात डबे उघडून खात मोठा झालाय, मला ताई म्हणतो.

मी लोकांचे कान तपासते. त्यांना श्रवणयंत्रं बसवून देते. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू जाळ्यात गेला की माणसं ओरडतात आणि म्हातारपणी माझ्याकडे येतात.

घरी आल्यावर आईला विचारलं, "हा वाटा तुझ्या नावावर करू का?" ती टीव्हीवर कोणातरी परक्यांचा सामना बघत होती. म्हणाली, "मी कशाला? मी बघते आहे ना. तू चालव." आणि मग, "जरा सरक, डावी बाजू दिसत नाही."

जेवलो. भांडी घासली. झोपले.

९ सप्टेंबर

भागीदाराने बांधकाम दाखवलं. अभियंता आणि हिशेबनीस बरोबर होते, म्हणून त्याने मला 'तुम्ही' म्हटलं. ऐकायला विचित्र वाटलं.

व्यायामशाळा झाली आहे, आरसे लागायचेत. मालिशची खोली, बर्फाच्या पाण्याचे हौद, खेळाडूंच्या झोपायच्या खोल्या. भिंतींना ओल्या सिमेंटचा वास. मग आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो आणि तो म्हणाला, "आणि हा धाकट्याचा खड्डा."

तरणतलाव व्हायचा आहे तिथे. सध्या नुसता खड्डा. तळाला शेवाळलेलं पाणी, त्यात एक प्लास्टिकची खुर्ची उलटी पडलेली. धाकट्याने जाहीर केलं होतं की सकाळी दोन तास खेळाडू पोहतील, उरलेला दिवस तलाव आजूबाजूच्या वस्तीसाठी मोकळा.

भागीदार म्हणाला, "ताई, बांधायला एकदाच पैसा लागतो, तो उभा करू. पण चालवायला रोज लागतो. पाणी गरम करा, साफ करा, माणसं ठेवा. कायमचं लचांड आहे. त्यापेक्षा हे बुजवून गाड्या लावायला जागा करू. आणि वस्तीला दरवर्षी काहीतरी देऊ. रुग्णवाहिका देऊ, बूट देऊ. लोकांना दिसतंही."

त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. तसं सांगायला हवं होतं. पण तोंड उघडायचा कंटाळा आला. मी त्या खुर्चीकडे बघत राहिले.

मग तो म्हणाला, "बरं, घाई नाही. विचार करा."

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. "शाब्बास! भागीदार सांगत होते, ताई फार कडक आहेत, एक शब्द बोलल्या नाहीत."

२१ सप्टेंबर

संघाकडून आज रुग्णालयाला देणगी. पुठ्ठ्याचा दरवाजाएवढा चेक असतो हे मला माहीत नव्हतं. एका बाजूला मी, एका बाजूला रुग्णालयाच्या प्रमुख बाई, मध्ये चेक. फोटोवाला सारखा, "मॅडम, हसा ना थोडं." मी हसले. तो म्हणाला, "राहू दे, आधीचाच बरा आहे."

खरा चेक पाकिटातून आधीच गेला होता. पुठ्ठ्याच्या चेकचं काय करायचं कोणालाच माहीत नव्हतं. तो माझ्या गाडीत घालायला गेले तर जाईना, म्हणून अर्धा मांडीवर आणि अर्धा खिडकीबाहेर असा आणला. आता तो दवाखान्यात यंत्रांच्या कपाटामागे आहे.

दुपारी शाळेत संघाचे शर्ट वाटले. सगळे मोठ्या मापाचे आले होते. पोरांच्या गुडघ्यापर्यंत. फोटोवाला खूश झाला. एका मुलीने बाह्या दुमडून दुमडून हात बाहेर काढले आणि मला विचारलं, "हा झोपताना घालायचा का?" मी हो म्हटलं.

४ ऑक्टोबर

आज एक बाई कान तपासायला आल्या. निवृत्त. जन्मभर पोहायला शिकवलं, म्हणून सगळे त्यांना पोहण्याच्या बाई म्हणतात, असं त्यांनीच सांगितलं. गळ्यात अजून शिट्टी.

आवाजबंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले, सांगितलं की बीप ऐकू आली की बटण दाबा. त्यांनी बीप नसतानाही दाबलं. सारखंच दाबत होत्या. शेवटी मी दार उघडलं.

"तुम्हाला खरंच तपासून घ्यायचं आहे का?"

"नाही. कान गेलेत ते मला माहीत आहे. घुमणाऱ्या हॉलमध्ये आयुष्य गेलं. तुम्ही फोनवर भेटत नाही म्हणून नाव नोंदवलं. तुमच्या भावाने मला शब्द दिला होता."

मग त्यांनी सांगितलं. वस्तीच्या टोकाला नदी आहे. पूर्वी जवळच सरकारी तलाव होता, तिथे त्या शिकवायच्या. तो फुटला, दुरुस्त झाला नाही, त्यावर गोदाम आलं. तेव्हापासून त्या गल्ल्यांतल्या कोणाला पोहता येत नाही. बायकांना तर नाहीच. उन्हाळ्यात मुलं नदीवर जातात आणि एखादं परत येत नाही. धाकटा त्यांच्या घरी गेला होता, दोन कप चहा प्यायला आणि म्हणाला, दुपारची वेळ फक्त बायकांची ठेवू.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तो मला दर रविवारी फोन करायचा. तेव्हा काय बोलायचो आम्ही?

"तुम्हाला येतं का पोहायला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्यालाही येत नव्हतं. कमाल आहे." आणि पैसे न देता निघून गेल्या.

२६ ऑक्टोबर

आपल्या मैदानावरचा माझा पहिला सामना. मालकांच्या खोलीत काचेमागे बसायचं असतं, पण मी बाहेर बसले. आवाज एवढा की कामावरच्या माणसांना मी कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहू दिलं नसतं. आजूबाजूला सगळे उठत होते, बसत होते. शेजारचा माणूस रडला. मी थर्मासमधला चहा प्यायले. हरलो.

नंतर प्रशिक्षक वर आले. उंच, थकलेला माणूस. घसा कायमचा बसलेला. म्हणाले, "मॅडम, साहेब दर सामन्यानंतर खाली यायचे. मुलांशी दोन शब्द बोलायचे."

गेले. खोलीत घामाचा आणि मलमाचा वास. सगळे माना खाली घालून. काय बोलायचं सुचेना. शेवटी विचारलं, "दमलात का?"

खरोखरच दमलेले दिसत होते.

एकाने बूट काढता काढता तसाच हातात धरला. मी बाहेर आले.

२ नोव्हेंबर

जिंकलो. प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, तुमचा तो प्रश्न मुलांना फार लागला. आज मरेस्तोवर पळाली." वर्तमानपत्रात मथळा: 'मालकीणबाईंचा एकच टोला'.

आई म्हणाली, "तू टोमणा मारलास? तू?"

"विचारलं मी."

"तेच म्हटलं." तिने पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. "आपला तो चित्ता बघितलास का? कसा आत घुसला डावीकडून."

चित्ता हे आमच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचं टोपणनाव. आई त्याचं खरं नाव घेतच नाही. धाकट्याने त्याला कुठल्यातरी लहान गावातल्या मैदानावर पाहून उचलून आणलं होतं.

१९ नोव्हेंबर

व्यायामशाळेचं उद्घाटन. पत्रकार, खुर्च्या, फिती. भागीदार छान बोलला. सुविधा, खेळाडूंची काळजी, समाजाचं ऋण. मग पत्रकारांचे प्रश्न. मी टेबलाच्या टोकाला होते. चहा माझ्यापासून लांब ठेवला होता आणि निवत होता.

एका पत्रकार मुलीने विचारलं, "वस्तीसाठीच्या तरणतलावाचं काय झालं? होणार आहे का?"

भागीदार माइक ओढत होता, पण तो माझ्यासमोर होता. 'नाही' म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणाले. "होणार."

"कधी?"

"जून संपायच्या आत."

टाळ्या वाजल्या. मागून शिट्टी ऐकू आली. पोहण्याच्या बाई उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं होतं कोण जाणे.

चहा पार गार झाला होता.

२० नोव्हेंबर

भागीदार दवाखान्यात आला. बाहेर म्हाताऱ्यांच्या रांगेत तास-दीड तास बसला, नंबर येईपर्यंत. आत आल्यावर दार लावून घेतलं.

"ताई, तू मला आधी सांगायचंस तरी."

"मलाच आधी माहीत नव्हतं."

"थट्टा करू नकोस. अख्ख्या शहरासमोर शब्द दिलास. आता चालवायचा पैसा कुठून आणू?"

"तूच सांग."

तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "एकच वाट आहे. जानेवारीत चित्त्याला विकायचा. मोठे संघ मागे लागलेत. त्या पैशाचं व्याज आलं की तुझा तलाव बरीच वर्षं चालेल. पण त्याच्याशिवाय हा संघ या गटात टिकणार नाही. खालच्या गटात जाऊ. पटतंय का तुला?"

मला आत काही हललेलं जाणवलं नाही. "मग विकू," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "धाकट्याला त्या बाकावर मीच हलवलं होतं ताई. हाका मारल्या, तर वाटलं नाटक करतोय. मी त्याला शिव्या दिल्या. ऊठ म्हटलं, नाटक्या." आणि दोन्ही डोळे चोळायला लागला. बराच वेळ चोळत होता.

दवाखान्यात धूळ फार झालीय. पंख्याची पाती पुसून घ्यायला हवीत.

१४ जानेवारी

चित्ता गेला. सह्या झाल्या. निघण्याआधी घरी आला, आईच्या पाया पडायला वाकला तर ती म्हणाली, "राहू दे, गुडघे जप." त्याने तिला आपला शर्ट दिला. मला म्हणाला, "मॅडम, मला जायचं नव्हतं." मी म्हणाले, "तिकडे मैदान चांगलं आहे म्हणतात." खरंच म्हणतात.

तो गेल्यावर आई माझ्याशी बोलेना. रात्रीचं ताट तिने आपलं आपण वाढून घेतलं. झोपायला जाताना एवढंच म्हणाली, "डावीकडून आता कोण पळणार? तू?"

१९ जानेवारी

दवाखान्याच्या शटरवर लाल रंगात लिहिलंय: 'संघ विकणारी'. मदतनीस बाई घासायला निघाल्या होत्या. म्हटलं, आधी रुग्ण घेऊ.

५ फेब्रुवारी

प्रशिक्षक आले. राजीनामा द्यायला आले असतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "तलाव किती खोल आहे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ते म्हणाले, "मुलांनी मला विचारलं, कशासाठी विकलं त्याला. मला सांगता यायला हवं ना काहीतरी."

मग पोहण्याच्या बाईंचा फोन नंबर दिला. त्या सगळ्या संघाला भेटायला गेल्या म्हणे. काय बोलल्या ते प्रशिक्षकांनी सांगितलं नाही. गोलरक्षकाने तिथेच विचारलं, मला शिकवाल का. तोही बुडतो.

२२ फेब्रुवारी

आज माझे जुने रुग्ण आले, पोस्टातून निवृत्त झालेले. यंत्राची बॅटरी बदलून दिली. पंचवीस-तीस वर्षं एकही घरचा सामना चुकवला नाही त्यांनी. गोंगाट सोसत नाही म्हणून मैदानात यंत्र बंद करून बसतात.

"डॉक्टर, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"तलाव चांगली गोष्ट आहे. पण बायको गेल्यापासून माझं आठवड्यात हे एकच होतं. तिथे शेजारी बसणारे दोघं-तिघं, तेवढेच ओळखीचे. आता हरायला जायचं म्हणून ते येत नाहीत. मी एकटाच जातो. आम्ही वस्तीत राहत नाही, म्हणून आम्ही समाजात येत नाही का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ऐकू कमी येणारे बघतात तसे, ओठांकडे.

चूक झाली असेल का? भागीदार म्हणाला तसं बुजवून टाकलं असतं तर कोणाचंच नुकसान नव्हतं, ज्यांना मिळालंच नव्हतं त्यांचंही नाही. याचं उत्तर धाकट्याकडे असतं. किंवा त्याच्याकडेही नसेल, तो आपला चहा पिऊन शब्द देऊन आला असेल. त्याची सवयच होती ती.

१ मार्च

आज घरच्या सामन्याला त्या पोस्टवाल्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी अर्धं सँडविच दिलं. हरलो.

१७ मार्च

बांधकामावर सहज गेले. भागीदार हल्ली मालकांच्या खोलीत फिरकत नाही, बैठकांना हिशेबनिसाला पाठवतो. मला वाटलं, रागावून बसलाय.

तो खड्ड्यात होता. पँट गुडघ्यापर्यंत वर, अंगभर पांढरी पूड, आणि फरशीवाल्याशी कचाकचा भांडत होता. "ही फरशी निसरडी आहे! इथे म्हाताऱ्या बायका उतरणार आहेत. काढ सगळी. काढ म्हणतो ना!" मला बघितल्यावर एकदम गप्प झाला.

"तू रोज येतोस इथे?"

"रोज कसला," तो म्हणाला. "अधूनमधून."

फरशीवाला म्हणाला, "सकाळी आमच्याआधी असतात."

तो बाक अजून तिथेच आहे, खड्ड्याच्या कडेला. भागीदाराचा डबा आणि पाण्याची बाटली त्यावर ठेवलेली होती.

१० मे

हंगामातला शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो. आई म्हणाली, मी येणार. गुडघ्यांमुळे ती वर्षानुवर्षं मैदानात आली नव्हती. भागीदार आणि गोलरक्षकाचा भाऊ यांनी तिला खुर्चीसकट पायऱ्या चढवल्या.

शेवटच्या काही मिनिटांत गोल बसला. त्यांचा.

गर्दीतला एक माणूस कठड्यापर्यंत आला आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडला. शिरा फुगलेल्या. काय म्हणाला ते कळलं, पण ते मला म्हणतोय असं वाटेना. आई काठी टेकून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. आपल्या पोरांसाठी. सावकाश, एकेक. आधी ती एकटीच होती. मग पोस्टवाले आजोबा उठले. मग प्रशिक्षकांनी मुलांना ओढत आमच्या बाजूला आणलं आणि ती पोरं मातीत बसून रडली.

गाडीत आई म्हणाली, "डावी बाजू उघडीच होती. वर्षभर सांगतेय."

जानेवारीनंतर माझ्याशी बोललेलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य.

प्रशिक्षकांना विचारलं, जाणार का. ते म्हणाले, "खालच्या गटातही मैदान तेवढंच लांब असतं, मॅडम. बघतो अजून एक वर्ष."

२८ मे

तलावाला नाव द्यायची बैठक आमच्या घरीच झाली. भागीदाराने दगडावर कोरायला धाकट्याचं नाव लिहून आणलं होतं. अक्षरांचे चार नमुने. मला चारही सारखेच दिसले.

आई म्हणाली, "नाव नको."

"काकू, त्याचंच तर आहे हे सगळं," भागीदार म्हणाला.

"म्हणूनच. उद्या लोक म्हणतील, चल रे, त्याच्यात डुंबून येऊ. मग कोणीतरी म्हणेल, तो घाण झालाय. तो गळतोय. तो बंद पडलाय." ती थांबली. "मला नाही ऐकायचं."

भागीदाराने कागदांची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "काकू, चहा करू का?" आणि स्वयंपाकघरात गेला. साखर कुठे आहे ते त्याने विचारलं नाही.

२० जून

तलाव सुरू झाला. पुठ्ठ्याचा चेक नाही, फीत नाही. आम्ही पाहुणे बोलवायलाच विसरलो. पोहण्याच्या बाईंनी कुलूप काढलं आणि शिट्टी फुंकली. पोरांनी अक्षरशः ढिगाने उड्या मारल्या. काय तो आवाज. खड्ड्यावर आता भिंती आणि छप्पर आलंय, आणि त्या घुमणाऱ्या हॉलमध्ये शंभर पोरं. मी हाताने कान झाकले. मग काढले.

भागीदार फरशीवरून मागेपुढे चालत होता आणि दिसेल त्याला सांगत होता, "पळू नका, पळू नका." फरशी मुळीच निसरडी नाही.

३ जुलै

पोहण्याच्या बाई दवाखान्यात आल्या. या वेळी खरंच तपासून घेतलं. दोन्ही कानांना यंत्रं लागणार. कानाचा साचा घेताना म्हणाल्या, "तुम्ही कधी येताय?"

"मी तिथे येतेच की."

"काठावर येता. पाण्यात कधी?"

मी म्हटलं, माझ्याकडे कपडे नाहीत. त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. माप बरोबर होतं.

८ जुलै

आज गेले. दुपारची बायकांची वेळ. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या एकमेकींना हसत होत्या, स्वतःलाही. एक आजी टोपी घालून आरशात बघून म्हणाली, "अंड्यासारखी दिसतेय मी." कोणी मला ओळखलं नाही. टोपी घातली की कोणीच ओळखू येत नाही.

उथळ बाजूला आम्ही नवशिक्या ओळीने उभ्या. पाणी छातीपर्यंत. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. माझ्या शेजारी एक बाई होती, चाळिशीची असेल, हात साबणाने चिरलेले. धुलाईच्या दुकानात काम करते, दोन तासांची सुटी काढून येते असं म्हणाली.

"तुमचा पहिला दिवस?"

"हो."

"भीती वाटते?"

"काही वाटत नाही," मी म्हणाले.

"असं कसं? मी तर पहिल्या दिवशी कठडा उपटूनच घरी नेणार होते. तुम्ही कशा काय आलात? कोणी सांगितलं?"

भाऊ, असं सांगायचं होतं. भावाने बांधायला घेतला होता, वगैरे. तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझा भाऊ गेला."

हे वाक्य मी याआधी कोणाला म्हटलं नव्हतं. आज आठवून बघितलं तर खरंच नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं, मला कोणाला सांगावंच लागलं नाही.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "कधी?"

"वर्ष होत आलं."

"अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे आत्ताच की."

मी धरून चालले होते की फार दिवस झाले. मधे हंगाम गेला, चित्ता गेला, संघ खालच्या गटात गेला, इमारत उभी राहिली. आणि ही म्हणते आत्ताच. आणि ते खरं होतं. तो आत्ताच गेला होता. मी तिथे पाण्यात उभ्या उभ्या रडायला लागले. आवाज करून. घशातून असा काही आवाज आला की पोहण्याच्या बाईंनाही ऐकू गेला असावा, कारण त्या वळल्या. मला वाटलं शिट्टी वाजवतील. त्यांनी दुसऱ्या बायकांना तिकडच्या टोकाला नेलं आणि पाय मारायला लावले, जोरात, सगळीकडे पाणी उडेल असे.

धुलाईवाली हलली नाही. तिने एक हात कठड्यावरून काढून माझ्या पाठीवर ठेवला. एका हाताने धरून उभं राहायची तिची ती पहिलीच वेळ होती असं तिने नंतर सांगितलं.

"कसा होता?" तिने विचारलं.

"बडबड्या," मी म्हणाले. "शब्द द्यायचा सगळ्यांना. रविवारी फोन करायचा, तास तास. मी फोन कानाशी धरून कपड्यांच्या घड्या करायचे. नीट ऐकायचे नाही."

"भावांचं कोण नीट ऐकतं?" ती म्हणाली. "माझ्या भावाचं मी एक अक्षर ऐकत नाही."

वेळ संपली तेव्हा बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. पोहायचं काहीच झालं नाही. एकदा डोकं पाण्याखाली घातलं, तेवढंच. धुलाईवालीचं नाव विचारायचं राहिलं. ती गुरुवारी असते.

बाहेर भागीदार बाकावर बसून डबा खात होता. माझे डोळे बघितले. काही विचारलं नाही, सरकून जागा दिली. मी बसले. म्हणाले, "तू त्याला शिव्या दिल्यास ना, त्याला आवडलं असतं ते." तो चावायचा थांबला. मग मान हलवली. बराच वेळ हलवत होता.

घरी आले. आईने माझे ओले केस बघितले.

"कसं होतं पाणी?"

"गार. आई, आज मी त्याच्याबद्दल बोलले."

"कोणाशी?"

"माहीत नाही. धुलाईच्या दुकानात असते कोणीतरी."

आईने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला. खुर्ची माझ्याकडे वळवायला तिला जरा वेळ लागला, मी मदत केली नाही.

"बरं," ती म्हणाली. "आता माझ्याशी बोल."